हजाराला पहिलं ऑइल

२ जानेवारी १९९२, गुरुवार

गाडी आली. पांढरी, चार दारांची. औरंगाबादहून शोरूमच्या ड्रायव्हरने चालवत आणली, हे शेजारी बसून आले. दारात नारळ फोडला. गाडी पाहून मला पपांची मॉरिस आठवली. पपा अंबडला तहसीलदार होते तेव्हा मॉरिस फाटकातून उलटी बाहेर काढत, तीही एका हाताने. दुसऱ्या हातात चिरूट असे. हे मी जमलेल्या सगळ्यांना सांगितलं. आमचे हे बॉनेटवरचं नारळाचं पाणी पुसत राहिले.

संध्याकाळी ह्यांनी गाडीचं पुस्तक वाचून दाखवलं. पहिलं इंजिन ऑइल हजार किलोमीटरला बदलायचं. नव्या इंजिनातला लोखंडाचा बारीक चुरा त्या पहिल्या तेलात उतरतो म्हणे. मीटरवर लक्ष ठेवायचं काम मी मागून घेतलं. हे बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात तीस वर्षं तुरीच्या शेंगा मोजून रिटायर झाले. पण शेंगा एका जागी असतात. गाडी हलते. माझं गणित कॉन्व्हेंटातल्या सिस्टर ॲग्नेसच्या हातचं आहे.

मीटर: ६६२. शेवटचा आकडा तेवढा पांढऱ्या पट्टीवर, बाकीचे काळ्यावर. शोभेसाठी असावं. औरंगाबाद फक्त साठ किलोमीटर, मग वरचे सहाशे कुठले? गाडी कारखान्यातून रस्त्याने आणली असणार.

हजाराला राहिले ३३८.

४ जानेवारी, शनिवार

परतूरच्या वन्संना रेल्वेत बसवून द्यायला स्टेशनला गेलो. घरी आल्यावर मीटर ६८६. म्हणजे जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर! स्टेशन एवढं लांब असेल असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मी रिक्षावाल्यांशी विनाकारण भांडले. मनातल्या मनात सगळ्यांची क्षमा मागितली.

गाडी फाटकाबाहेर निंबाखालीच ठेवली. आत घ्या म्हटलं, तर म्हणाले, राहू दे, बाहेर हवा लागते.

६ जानेवारी, सोमवार, संध्याकाळी ७

हे पाच वाजता एकटेच गाडी घेऊन गेले. ‘इंजिन जरा मोकळं करून येतो.’ मी येऊ का विचारलं, तर म्हणाले, तुला गार वारा बाधेल. सहाला परत. कपाळावर घाम. जानेवारीत.

गाडीवर कव्हर घालायच्या निमित्ताने मीटर पाहिला. ७२४. अडतीस किलोमीटर.

एकोणीस जायला, एकोणीस यायला. जालन्यापासून एकोणीस किलोमीटरवर काय आहे ते मला कोणी सांगायला नको. तीस वर्षं मी ह्यांचा डबा भरून बदनापूरला पाठवला आहे.

८ जानेवारी, बुधवार

पुन्हा अडतीस. ७६२.

बदनापूरच्या ऑफिसात बेबीनंदा आहे. टायपिस्ट. पन्नाशीची बाई, आणि नाव बेबी. निरोप समारंभात सगळ्यांनी मिळून ह्यांना घड्याळ दिलं, तरी हिने वेगळा रुमाल दिला. कोपऱ्यात स्वतः भरलेला ‘ता’. तातेरावांचा ता. मी छत्तीस वर्षांत ह्यांचं नाव उखाण्याखेरीज घेतलं नाही, आणि ही सुईने काढते.

मला हेवा वगैरे वाटत नाही. हेवा हे सात मोठ्या पापांपैकी एक आहे, हे मला नवव्या वर्षापासून इंग्रजीत पाठ आहे. मी फक्त ऑइलचं बघते आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

८००. सोमवार, बुधवार, शुक्रवार. टाइमटेबलच आहे.

ठरवलं: काही विचारायचं नाही. शांत राहायचं. पपांसारखं.

रात्री जेवताना विचारलंच. सहज. बदनापूरकडचा रस्ता आता कसा आहे? म्हणाले, कोण जाणे, सहा महिन्यांत गेलो नाही. आणि वाटीतलं वरण वाकून पाहू लागले. खोटं बोलताना माणूस वरणच पाहतो.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली. आज निघताना ह्यांनी तिळाचे चार लाडू कागदात गुंडाळून खिशात टाकले. कोणाला म्हटलं, तर ‘भेटतं कोणीतरी.’

परत आले तेव्हा कागद रिकामा. मीटर ८७६.

लाडू मी केले. पाक मी धरला. बोट मी भाजून घेतलं. आणि गोड कोण बोलतंय?

तेव्हाही पाक असाच बोटाने बघायचे मी. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला ह्यांनी फुंकर घातली होती बोटावर. आता फुंकर कुठे जाते कोण जाणे.

१७ जानेवारी, शुक्रवार

सोनूबाई भांडी घासताना म्हणाली, ‘बाई, माझा भाऊ मोती तलावापाशी शेंगा इकतो न. त्यानं आपल्या साहेबाला बघितलं. गाडी उलटी जाऊन राह्यलती म्हणतो.’ सोनूबाईचा भाऊ पितो. गाडी उलटी कशाला जाईल? शिवाय मोती तलाव इथे हाकेच्या अंतरावर. अडतीस किलोमीटर होणार कुठून? तिला म्हटलं, भावाला सांभाळा.

मीटर ९१४.

१८ जानेवारी, शनिवार

योजना पक्की झाली. ऑइल साक्ष देईल.

सकाळी रशीदच्या गॅरेजला चालत जाऊन आले. माणूस सज्जन आहे. त्याला आडून विचारलं, तेल बघून गाडी किती पळाली ते कळतं का? म्हणाला, ‘बाई, तेल झूट बोलत न्हाई. लांबलांब पळाली तर काळं पडतं, गल्लीतच फिरली तर साफ राह्यतं.’ बस. हजाराला तेल काढायचं, ते काळंकुट्ट निघेल, आणि मी ह्यांच्याकडे फक्त पाहीन. बोलणार नाही. फक्त पाहीन.

एक अडचण. हिशोबाने हजार येत्या शुक्रवारी पुरे होतात. शुक्रवारी रशीदचं गॅरेज जुम्म्यामुळे बंद. शनिवारी तेल विकत घ्यायचं नसतं. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण खोबरेल काय, इंजिनचं काय, तेल ते तेल. शनीला मुद्दाम कशाला डिवचा? तेव्हा गुरुवार.

२० जानेवारी, सोमवार

९५२.

आज बेबीनंदाला पत्र लिहिलं. इंग्रजीत. राग आला तर हातमोजे घालून लिहावं, असं मदर सुपीरियर म्हणत. चार मसुदे फाडले. पाचव्यात एकही कडू शब्द नाही आणि तरी वाचणारीला घाम फुटावा. शेवट फार साधला आहे: माझ्या पतीने तुमच्या वाटेने येण्यापेक्षा आता तुम्हीच या, आपण चहाच्या कपावर समोरासमोर बसू आणि सगळं बोलून टाकू. केंद्राच्या पत्त्यावर पाठवलं. पेटीत टाकताना पाकीट दोनदा अडकलं. पेटीचं तोंडच अरुंद आहे.

२२ जानेवारी, बुधवार

९९०. आज येताना ह्यांच्या बुटांना चिखल. विचारलं नाही. उद्या तेल बोलेल.

ह्यांना सांगितलं, उद्या ऑइल बदलायचं. म्हणाले, अजून पुष्कळ वेळ आहे. बरोबर. त्यांना वेळ हवाच असणार. मी म्हटलं, मीटर माझ्याकडे आहे. म्हणाले, बरं, तू म्हणतेस तर बदलू.

एवढ्या लवकर कबूल! म्हणजे मन खातंय.

२३ जानेवारी, गुरुवार

लिहावं की नाही? लिहिते. ही वही कोण वाचणार आहे?

गॅरेजच्या दारात गाडी थांबली आणि मीटरवर बरोबर १००० लागले. मला रोमांच उभे राहिले. नवी अबोली साडी नेसले होते.

रशीदने खालचा नट काढला. तेल पडू लागलं. मी ह्यांच्याकडे पाहायला लागले, ठरल्याप्रमाणे. तेवढ्यात रशीद खालूनच म्हणाला, ‘साहेब, हे तर मध हाय. कोरं तेल. कशाला काढायला लावलं?’

वाकून पाहिलं. डब्यात सोनेरी धार पडत होती. दिवाळीच्या पणत्यांत ओतावं असं तेल.

मी रशीदला म्हटलं, हजार पुरे झाले आहेत, आत डोकावून पाहा. तो हात पुसून आला, डोकावला आणि फार अदबीने म्हणाला, ‘बाई, ह्यो पांढऱ्यावरचा आकडा मोजायचा नसतो. ह्यो किलोमीटरचा दहावा हिस्सा. गाडी शंभर चालली.’

शंभर. सहासष्ट पॉइंट दोन औरंगाबादहून. दोन पॉइंट चार स्टेशन. तीन पॉइंट आठ…

तीन पॉइंट आठला कुठे जाता, एवढंच मला विचारता आलं. आणि इतके दिवस मी आणखी काय समजत होते, तेही बहुधा बोलून गेले, कारण रशीद एकाएकी गाडीखाली पुन्हा शिरला.

हे खाली पडलेला नट उचलून पुसू लागले. मग म्हणाले, ‘मोती तलावाला. रिव्हर्स शिकतोय. पपा एका हाताने घ्यायचे ना. मला दोन्ही हातांनी येत नव्हतं.’

लाडू तिथल्या शेंगावाल्याला दिले होते. सोनूबाईच्या भावाला. गाडी मागे घेताना ‘आने दो, आने दो’ करतो म्हणे तो. काल चिखलातून ढकललीही त्यानेच.

कोरं तेल रशीदने फेकलं नाही. गाळून बाटलीत भरून दिलं. म्हणाला, शिलाई मशीनला घाला, चार पिढ्या पुरेल.

सिस्टर ॲग्नेस म्हणत, दशांशचिन्ह म्हणजे छोटा ठिपका आणि मोठं पाप.

२४ जानेवारी, शुक्रवार

रात्रभर मॉरिस आठवत होती. ह्यांना एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, गेली छत्तीस वर्षं. मॉरिस ड्रायव्हर अजमत चालवत असे. पपांना गाडी येत नव्हती. ते मागे बसत. चिरूट मात्र खरा.

सकाळी पोस्टात गेले. पत्र परत मिळेल का? बदनापूरची डाक केव्हाच गेली म्हणाले. हरकत नाही. बेबीनंदाला एवढं वरचं इंग्रजी कुठलं कळतंय?

आजपासून संकल्प: संशय नाही. हेवा तर नव्हताच.

२६ जानेवारी, रविवार, रात्री ८

साडेअकराला फाटक वाजलं. बेबीनंदा. सोबत तिचा नवरा कडूबा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात केळीचा घड. झेंडावंदन करून थेट एसटीने आले होते.

पत्र पोचलं होतं. हेडक्लार्कने सगळ्या स्टाफसमोर मराठी करून वाचलं. बाईसाहेबांनी चहाला बोलावलंय, समोरासमोर बसून बोलू म्हणतात. सगळ्यांना माझ्या अक्षराचं कौतुक वाटलं. बेबीनंदाने माझे दोन्ही हात धरले. ‘तीस वर्सांत पहिल्यांदा बोलावणं आलं बाई. साहेब तर रिटायर झाल्यापसून एकदा बी फिरकले न्हाईत. आम्ही वाट बघून राह्यलो.’ मग तिने मलाही रुमाल दिला. कोपऱ्यात इंग्रजी अक्षर, माझं. असे म्हणे ती सगळ्यांनाच देते. हेडक्लार्कला, शिपायाला, एकदा तपासणीला आलेल्या साहेबालासुद्धा.

चहा केला. मग पुऱ्या केल्या. काय बोलून टाकायचं होतं ते तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, तुरीचं पीक यंदा कसं आहे.

चारची एसटी आलीच नाही. हे म्हणाले, त्यात काय, सोडून येऊ. बेबीनंदाला गाडी लागते म्हणून ती पुढे बसली, ह्यांच्या शेजारी. मी मागे, कडूबांजवळ. ते जालना सोडताच माझ्या खांद्यावर झोपले. पुढे दोघं तुरीच्या शेंगांबद्दल बोलत होती, आणि फार हसत होती. शेंगांत हसण्यासारखं काय असतं?

तिच्या दारातून ह्यांनी गाडी उलटी वळवली. एका दमात, मधे न थांबता. तिने टाळ्या वाजवल्या. ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मीही वाजवल्या. पपांचं सांगणार होते, पण तिच्यासमोर नको.

तिने पुढच्या रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं आहे. हे लगेच हो म्हणाले. येताना सबंध रस्ता शीळ घालत होते.

निघताना मीटर १०१.० होता. आता १३९.०. पांढरा आकडा सोडून वाचला. दोनदा वाचला.

अडतीस किलोमीटर.