दामिनीचा पाय

प्रिय भूपेंद्र,

धान विकून झालं, मोहाची फुलं अजून पडायची आहेत, म्हणून जरा हात रिकामे आहेत. माय बरी आहे. ऐकू कमी येतं, पण रस्त्यावर कुठलीही गाडी वाजली की तिला तूच आलास असं वाटतं. दिवाळीत मी सडक अर्जुनीला आले तेव्हा तू दौऱ्यावर होतास. डिंपलनं मला दोन दिवस ठेवून घेतलं. माझा सुजलेला पाय धुवायला गरम पाणी, साबण दिला आणि तोंड फिरवलं नाही. तुझी बायको चांगली आहे रे.

तुझ्या लग्नात तू मला, सख्ख्या बहिणीला, म्हणाला होतास, ‘बाई, तू आतच राय. सोयरे पाहतीन.’ मी चुलीपाशी बसून राहिले. तेव्हा माझ्या या हत्तीपायाला गावात करणी म्हणत होते. डासानं होतो, अंगात जंतू जातात, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

सांगायला माणसं आली ती माझी दामिनी सातवीत होती तेव्हा. गोळ्या घेऊन आली. सुखरामकाकाला गोळी घेतल्यावर चक्कर आली, उलटी झाली. नर्सबाई समजावत होती, ‘ज्याच्या अंगात जंतू आहेत त्यालेच असा तरास होते, घाबरू नका जी.’ काका दुसऱ्या दिवशी बांबू तोडायला गेलेही. पण त्या साली तू निवडणुकीला उभा होतास. मोहाच्या झाडाखाली उभा राहून तू म्हणालास, आपला वंश बुडवायला या गोळ्या काढल्या आहेत, कोणी घेऊ नका. मराठीत नाही, गोंडीत बोललास. म्हणूनच ते थेट काळजात गेलं. तू निवडून आलास. तेव्हापासून गोळ्यावाल्या बाया दिसल्या की गाव दारं लावून घेतं. दामिनी तर शाळेत दिलेली गोळी गालात धरून ठेवायची आणि बाई गेली की थुंकायची. ‘मामा खोटा बोलते काय?’ असं मलाच विचारायची.

तुझी ही भाची पोलीस भरतीची तयारी करत होती, ते तुला माहीत आहे. पहाटे रस्त्यानं पळायची. पावसाळ्यात तिला ताप आला, जांघेत गाठ आली, आणि ताप उतरला तरी पाय उतरला नाही. देवरीला दवाखान्यात तपासलं. हत्तीरोगच निघाला. डॉक्टर म्हणाले, औषध घेतलं, पाय रोज स्वच्छ ठेवला तर वाढणार नाही कदाचित. पहिल्यासारखा होईल असं काही ते म्हणाले नाहीत. पळायचे बूट तिला आता चढत नाहीत. ते तिनं शेजारच्या मुलीला देऊन टाकले. माझ्यासमोर रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

हे सगळं मी दिवाळीत डिंपलला सांगत होते. ती म्हणाली, ‘काऊन जी, तुमच्याकडे गोळ्या नाही घेत? आमच्या घरी तर दरवर्षी घेतो. हे आधी लेकराइले देतेत, मंग सोता घेतेत.’ तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. मी हातातला चहा खाली ठेवला. परत येताना एसटीत सगळ्या वाटेनं एकच विचारत होते, माझ्या भावाला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक असूनही?

पुढच्या आठवड्यात गोळ्यावाल्या बाया परत येत आहेत. त्याआधी सभा आहे आणि तू भाषणाला येणार असं कळलं, जिल्हा परिषदेला उभं राहायचं आहे म्हणून. त्यासाठीच हे लिहिते. तू ये. तुझ्या घरी काय करतोस ते गोंडीत सांग आणि सगळ्यांसमोर गोळ्या घे. नाही सांगितलंस तर मी सांगेन, दामिनी माझ्या बाजूला उभी राहील. तुझं तिकीट गेलं तर जाऊ दे. सुखरामकाकाची नात यंदा गोळी घेण्याएवढी झाली. तिची माय काल विचारून गेली, पोरीला द्यायची की नाही. मी म्हटलं, सभेत ये. आधी भूपेंद्र काय म्हणतो ते ऐक, मग मी काय म्हणते ते ऐक.

अजून तरी तुझीच,
प्रेमिलाबाई