भिंतीवरची थाप

धाकटे,

थोरलीचा आशीर्वाद घे नि रडणं आवर. वस्ती पाडली, पण मी नव्या इमारतीत धडधाकट आहे.

वस्तीचा अभ्यास करायला एक पोरगी यायची. "आजी, इथून गेल्यावर काय आठवेल?"

म्हटलं, "भिंत. सकाळी मी लाटण्यानं ठोकते, पलीकडून शेजारीण ठोकते. म्हणजे दोघी म्हाताऱ्या जित्या."

पोरीनं खोल्या वाटणाऱ्या साहेबांशी भांडून आम्हाला लागून खोल्या मिळवून दिल्या.

पहिल्याच सकाळी ठोकलं, तर उत्तर नाही. पुन्हा जोरात ठोकलं. तेवढ्यात दार धडधडलं. शेजारीण लाटणं घेऊन उभी! "केव्हाची ठोकतेय! मेलीस की काय गं?"

भिंत जाड निघाली, एवढंच. आता दारच ठोकतो.

तुझ्याकडे सकाळी कोण डोकावतं गं? खरं कळव.

तुझी,
थोरली