पाचशे की पाचशे साठ

३ जून

मी माझ्या हाताने केलेलं – घराचा बाहेरचा दरवाजा, दोन्ही कपाटं, ज्यावर हे लिहितो आहे ते टेबल. कारखान्यात लेथचं अर्धं अंग. आणि शाळांच्या प्रयोगशाळांसाठी तराजू, पेरिस्कोप, दातेरी चाकं, कप्प्यांचे संच. नववीत शाळा सुटली, पण इथल्या एकूण एक शाळेत काचेच्या कपाटात मी उभा आहे!

हे सगळं लिहून काढलं, कारण आज धाकट्या बहिणीने तोंडावर ऐकवलं, "दादा, शाळेबद्दल तू बोलूच नकोस. तू गेलास कुठे शाळेत?"

ती अमेरिकेतून कायमची परत आली आहे. मेहुण्यांची नोकरी गेली. ते तिकडचं आवरून मागून येतील. तोवर ती आणि तिची बारा वर्षांची मुलगी आमच्याकडे. भांडणाचं कारण एवढंच – मी भाचीला बारा साती विचारलं आणि तिने कागद मागितला. कागद! मी हसलो. जरा जास्तच हसलो.

५ जून

भाचीचं तिकडचं प्रगतिपुस्तक पाहिलं. 'उत्सुकता – उत्कृष्ट.' उत्सुकतेलाही शेरा? मग भुकेलाही द्या, म्हटलं. आमची ही आतून म्हणाली, "भुकेत तुमचा पहिला नंबर कुणी हिसकावला नसता." सगळे हसले. मीही हसलो, थोडं उशिरा.

पोरगी दिवसभर विचारत असते. दरवाजाला तीनच बिजागऱ्या का? स्क्रू उजवीकडेच का फिरतो? मी तिचं नाव ठेवलं – प्रश्नपत्रिका.

८ जून

शाळेची प्रवेशपरीक्षा. गणितात शंभरपैकी एकतीस.

मुख्याध्यापिका बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक, बोलायला गोड. "सातवी नाही झेपायची हो. पाचवीत बसवू." एवढी उंच पोर, दहा वर्षांच्या मुलांत! बहीण तिथेच बाकावर रडायला लागली. "तिकडे ही वर्गात पहिली होती, दादा."

"तिकडे सगळेच पहिले असतात," मी बोलून गेलो. गप्प बसायला हवं होतं. भाची तिथेच उभी होती.

विज्ञानाचा प्रयोग बाकी आहे. त्यात चमकली तर सातवीचा विचार करू, असं बाई म्हणाल्या.

९ जून

पेपर मागून आणला आणि स्वतः तपासला. भागाकाराची तीन गणितं, तिन्ही उत्तरं बरोबर, गुण शून्य! का, तर उत्तर उजवीकडच्या कंसात मांडायचं ते तिने संख्येच्या डोक्यावर मांडलं. तिकडे तसंच मांडतात म्हणे. खरं सांगायचं तर पहिल्या नजरेला मलाही ते चूकच वाटलं.

पण बाकीचे गुण गेले ते रीतसर गेले. पाढे नाहीत म्हणून गुणाकार बोटांवर, अपूर्णांकात तर गटांगळ्या. आमच्या थोरल्या लेकीला या वयात तिसापर्यंत पाढे पाठ होते. रोज सकाळी पाढे घ्यायचे ठरवलं. बहीण म्हणाली, "पोपट कर तिचा." केला तर केला!

१२ जून

भाचीला कारखान्यात नेलं. प्रयोगाला कप्पीच येणार, म्हणून माझाच संच मांडून दिला. दोरीत लोंबणारी कप्पी, तिला एक किलोचं वजन, दुसऱ्या टोकाला ताणकाटा. पुस्तक सांगतं, निम्म्या जोरात वजन उचललं जातं. म्हणजे पाचशे ग्रॅम.

तिने वाचलं, पाचशे साठ. परत केलं. पाचशे साठ.

"तुझी नजर तिरकी," मी म्हणालो. मीच वाचलं. पाचशे साठ.

मग ती कप्पी सोडवून तराजूत घालून बसली. ऐंशी ग्रॅम! "मामा, कप्पीपण उचलावी लागते ना? तिचे निम्मे चाळीस. मग वरचे वीस कुठे गेले?"

वीस माझ्या आसात गेले होते. घर्षणात. इतकी वर्षं हे काम करतो, पण माझ्या कामाला असं नेमकं कुणी विचारलं नव्हतं. राग आला. मग आस काढला, घासून गुळगुळीत केला, तेल दिलं. पाचशे पंचावन्न झाले! दोघंही ओरडलो.

१३ जून

पंधरापर्यंत पाढे झाले. वेग नाही. पण अडली की 'अडले' म्हणते, गुळमुळीत पुटपुटत नाही.

१७ जून

प्रयोगात नापास.

शाळेत माझाच जुना संच होता. तिने लिहिलं पाचशे साठ, खाली कारण. विज्ञानाच्या बाईंनी लाल रेघ मारली. मी भेटलो. वाईट नाहीत हो त्या. दमलेल्या. "माझ्या वर्गात बासष्ट मुलं आहेत. प्रत्येकाचं वेगळं उत्तर मान्य केलं तर वरच्या परीक्षेत त्यांचे गुण कोण देणार, तुम्ही? शुक्रवारी परत घेते. पुस्तकातलं लिहायला सांगा."

घरी आल्यावर मी भाचीवरच खेकसलो. "पाचशे लिहायला तुझं काय जात होतं?"

ती म्हणाली, "पण काटा तिथे नव्हता, मामा."

१८ जून

थोरली आली होती. तिला विज्ञानात पैकीच्या पैकी. ते प्रगतिपुस्तक मी चौकट करून लावलं आहे. म्हटलं, "तू सांग हिला. कप्पीच्या प्रयोगात तुझं उत्तर काय आलं होतं?"

"पाचशे."

"तुझ्या हातून बरोबर पाचशे आलं?"

"हातून कसलं बाबा? कपाटाला कुलूप असायचं. बाई फळ्यावर लिहायच्या, आम्ही प्रयोगवहीत उतरवायचो." मग हसून, "तुमची कप्पी मी काचेतूनच पाहिली आहे."

ती हसत होती. मी नववीत शाळा सुटलेला माणूस. मुलीकडून तिसापर्यंत पाढे पाठ करून घेतले, आणि कप्पी हातात द्यायचीच राहिली. कप्पी घराशेजारच्या कारखान्यातच होती. दहा पावलांवर!

तिकडच्यांनी पाढे बुडवले, आपण हात बुडवले. काय जास्त बुडालं ते मला सांगता येत नाही. कालपर्यंत येत होतं.

१९ जून

सकाळी पाढे झाल्यावर भाची आपणहून म्हणाली, "मामा, शुक्रवारी मी पाचशेच लिहीन. इथे कसं लिहायचं ते मला कळलं."

बहीण खूश. "बघ, रुळली!" हीसुद्धा म्हणाली, सुटलो एकदाचे.

आज दिवसभरात पोरीने एकही प्रश्न विचारला नाही. मी मुद्दाम उलट्या आट्यांचा स्क्रू तिच्यासमोर ठेवला. तिने तो उचलला, पाहिला, खाली ठेवला.

२० जून

शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सेक्रेटरींचा निरोप. उद्या सकाळी या, 'तुमच्या भाचीमुळे एक गोष्ट ध्यानात आली.' बहिणीने माझा शर्ट इस्त्री करून ठेवला. म्हणाली, "दादा, उद्या जरा नमतं घे. तिच्यासाठी."

घेईन म्हणालो.

२१ जून

नाही म्हणून आलो. बहीण दारातच उभी होती. तिला अजून सांगितलेलं नाही. सेक्रेटरींचं म्हणणं, संस्थेच्या सगळ्या शाळांना कप्प्यांचे नवे संच मी करून द्यायचे, सोबतच्या आठशे ऐंशी ग्रॅमच्या वजनावर एक किलोचा शिक्का, म्हणजे काटा बरोबर पाचशेवर थांबेल आणि पुन्हा कुणाचा गोंधळ व्हायचा नाही. वर भाची परीक्षेशिवाय सातवीत. ऑर्डर नऊ लाख ऐंशी हजारांची.