ताराची दाढ : दहा दिवसांची योजना

५ जानेवारी १९७६, संध्याकाळी सात
ताईच्या ताराची खालची डावी दाढ किडली आहे. वय पाच वर्षं सात महिने. आज तिनं जांभई दिली तेव्हा दीड सेकंद दिसली. जवळून पाहू देत नाही. मी दातांची डॉक्टर, आणि माझ्याच घरात हे.
निश्चय: दहा दिवसांत तिची भीती घालवायची. मोजपट्टी आखली. शून्य म्हणजे स्वतःहून तोंड उघडते, दहा म्हणजे पळून जाते. आजचा आकडा आठ.

६ जानेवारी
कारण सापडलं. तारा भात चिवडत होती. ताई म्हणाली, "खातं का बोलावू मावशीले? पकडीनं एकेक दात काढन मावशी." तारानं सलग सहा घास गिळले.
हे अशास्त्रीय आहे, असं ताईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग तूच भरव तिले." शेजारच्या यमुताईही माझंच नाव घेतात म्हणे. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत चार घरांतली मुलं माझ्या धाकानं जेवतात.
दोष पूर्णपणे घरच्यांचा. नोंद पुरी असावी म्हणून: दुधाच्या वेळी हे वाक्य मीही वापरलं आहे. तीनदा. पण तिथं प्रश्न कॅल्शियमचा होता.

८ जानेवारी
बाहुलीवर प्रात्यक्षिक. बाहुलीचं तोंड नुसतं रंगवलेलं निघालं. ब्लेडनं चीर दिली, खोली अर्धा सेंटिमीटर. आत आरसा घालून दाखवला. संध्याकाळी बाहुली तांदळाच्या डब्यात लपवलेली सापडली.
आकडा नऊ. मोजण्यात चूक असू शकते.

१० जानेवारी
आमच्या दवाखान्यातल्या आया, प्रयागबाई, यांनी न विचारता सल्ला दिला. "डॉक्टरीणबाई, पोराले खरं सांगत जा. दुखन म्हनावं थोडसं. काहून लपवता?"
प्रयागबाई चौथी शिकलेल्या आहेत. त्यांच्याजवळ मुलं शांत बसतात हे खरं. मी भिंतीवर लावलेल्या सशाच्या चित्राचा परिणाम असावा.

१२ जानेवारी
अर्धी रजा. महाराजबागेत वाघ बघायला जाऊ, असं ताराला सांगितलं. रिक्षा दवाखान्याकडे नेली. ही फसवणूक नव्हे. आधी दवाखाना, मग वाघ, असा क्रम होता. फक्त क्रम सांगितला नव्हता.
मेडिकल चौकात तारा म्हणाली, "महाराजबाग तिकडं आहे." मग म्हणाली, "तू खोटं बोलून राहिली." उडी मारायच्या आत मी फ्रॉक धरला. ती इतकी किंचाळली की रिक्षावाल्यानं विचारलं, "बाई, ये लडकी आपकीच है ना?"
परत आलो. आकडा लिहीत नाही. पट्टी दहालाच संपते.
रात्री जेवले नाही. ऊन लागलं असावं.
(जानेवारी आहे.)

१५ जानेवारी
योजनेचा शेवटचा दिवस. ताराचा डावा गाल सुजला आहे. ताप एकशे एक.
चार दिवस ती उजव्या बाजूनंच चावत होती. मी पाहिलं होतं. सवय म्हणून सोडून दिलं.
ताईनं विचारलं, "इतकं दुखत होतं तं सांगितलं काहून नाही वं?" तारा म्हणाली, "मावशीले समजलं असतं."
ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी थर्मामीटर दोनदा धुतलं.

२० जानेवारी
औषधानं सूज उतरली. आज दाढ काढली. ताराची एकच अट होती, ती तिनं ताईमार्फत कळवली: मावशी आत नको.
माझ्याच दवाखान्यात, माझ्याच खुर्चीवर, आमच्या मोठ्या डॉक्टरसरांनी काढली. मी बाहेरच्या बाकावर बसले. दाराआडून प्रयागबाईंचा आवाज येत होता. "दुखन वं माय, खोटं नाही सांगत. रड जोरानं, पन तोंड मिटू नोको."
तारा जोरानं रडली. तोंड मिटलं नसावं, कारण काम चार मिनिटांत झालं.
बाहेर आली ती कापसावर दाढ घेऊन. बाकावरच्या सगळ्यांना दाखवत गेली. काटोलहून आलेल्या एका आजोबांनी तर चष्मा लावून पाहिली आणि म्हणाले, "मोठी हिमतीची आहे गा पोरगी."
बाकाच्या टोकाला मी होते. हात पुढे केला.
तारानं मूठ मिटली आणि ताईच्या मागे गेली.
रिक्षात आम्हा तिघींपुरती जागा होती. मी चालत आले.