केतकीचा निबंध आणि तुमची राहिलेली ओटी

सौ. त्रिवेणी वन्संना काचीगुड्याहून शोभाचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? जिना चढता का अजून? आमचं इथं बरं आहे. तुमचे भाऊ रिटायर होऊन दिवसभर घरात असतात, तेवढं सोडलं तर सगळं बरं. मागच्या महालक्ष्म्यांपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हातानं लिहिते आहे. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. (पुरणाला ठेवलीत तेवढी पुरे.)

तर आपली केतकी. कॉलेजात तिनं लिहायचा क्लास घेतलाय. एवढ्या घोडीला आता लिहायला शिकवतात, मग इतकी वर्षं शाळेनं फी कशाची घेतली हे मला कळत नाही. पहिला निबंध आईवर होता. इंग्रजीत लिहिलेला, मला मराठीत सांगितला. आई पहाटे उठते, कधी दमत नाही, कुणाला दुखवत नाही, पाहुण्यांना हसून वाढते. मला फार आवडला. मी गल्लीत पेढे वाटले. आणि मॅडमनं तो परत पाठवला, पुन्हा लिही म्हणून.

माझं डोकंच फिरलं. भाजलेली पोळी परत लाटतं का कुणी? तुमचे भाऊ नको नको म्हणत असताना रिक्षा केली आणि गेले कॉलेजात. शिपाई म्हणाला, अम्मा, जरा ठहरो. मी काय ठहरते? वऱ्हांड्यात उभी राहून जे बोलायचं ते बोलले, इतकं की वर्गांतली पोरं खिडक्यांना लागली. मॅडम बाहेर आल्या. भाग्यलक्ष्मी नाव, एवढीशी बाई. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग निबंधावर बोट ठेवून म्हणाल्या, "अम्मा, इसमें जो औरत है, वो तो कॅलेंडर में रहती. अभी बाहर जो चिल्ला रही थी, वो किधर है?"

खिडकीतली केतकी हसली. माझ्याच पोटची.

तेव्हापासून घरात नुसतं लिहिणं आणि खोडणं. दुसऱ्या खेपेला तिनं तो वऱ्हांडा घातला. मी म्हटलं काढ. काढला तर नाहीच, उलट विचारायला लागली, आई, आत्या रुसून गेली त्या दिवशी नक्की काय झालं? (पाहुण्यांना हसून वाढते, हे तिचंच वाक्य आता तिला टोचत होतं.) मी सांगितलं. भरल्या पंगतीत तुम्ही म्हणालात पुरण फिकं आहे, मी म्हटलं पुढच्या वर्षी तुमचं तुम्ही डब्यात घेऊन या, आणि तुम्ही ओटी न घेता स्टेशनवर गेलात. तेही लिहिलं तिनं. तिसऱ्या खेपेला मला न विचारता पुढचंही लिहिलं. तुम्ही गेल्यावर मी खण-नारळ पिशवीत घालून स्टेशनपर्यंत चालत गेले, नांदेडची गाडी सुटली होती, आणि घरी येऊन सांगितलं, कोथिंबीर आणायला गेले होते. कोथिंबीर आणलीच नव्हती, पिशवीत खण-नारळ तसाच होता ना, तिथंच कार्टीनं धरलं.

हा निबंध मात्र मॅडमनी ठेवून घेतला, वर्गात वाचला. या वेळी पेढे वाटले नाहीत. लोकांना काय सांगू, माझी बेअब्रू पास झाली म्हणून?

याचा अर्थ मी माझे शब्द मागे घेतले असा काढू नका. पुरण फिकं नव्हतं.

तुमची वहिनी,
शोभा

ता. क. पत्र केतकीला वाचून दाखवलं. म्हणाली, गुडघे खोड, तुला त्यांचं काही पडलेलं नाही. (पडलेलं आहे.) शेवटचं पुरण खोड. पेढे खोड, आत्याला त्याचं काय? असं करत सगळ्यावर रेघ मारली आणि त्याऐवजी एकच ओळ लिही म्हणाली, तीही तिनंच सांगितलेली. इतकं लिहून हात दुखला, ते काय फेकून देऊ? म्हणून सगळंच पाठवते आहे.

ता. क. दुसरा. ती ओळ अशी: महालक्ष्म्यांना या, तुमची ओटी राहिली आहे.

ता. क. तिसरा. पुरणात गूळ तुम्ही तुमच्या हातानं घाला. (हे केतकीला दाखवलेलं नाही. नाहीतर तेही निबंधात जायचं.)