लेकीला मासे धरायला शिकवण्याचा प्लॅन

१२ मे, सकाळ
निघतोय. मी आणि लेक. तिच्या आईने यंदा सुट्टीतला एक आठवडा न भांडता दिला. घटस्फोटाचा पश्चात्ताप होत असावा. तळ्याकाठी कॉटेज घेतलंय. प्लॅन पक्का: पहाटे मासेमारी, संध्याकाळी तळ्याला फेरी, मध्ये पक्षी-प्राणी. आठवडा संपेपर्यंत तीच म्हणेल, मला तुमच्याकडे राहायचंय. मी आग्रह करणार नाही.

संध्याकाळ
लेक अकरा वर्षांची झाली. पूर्वी मला अरे-तुरे करायची, आता 'तुम्ही' म्हणते. वळण चांगलं लागलंय. क्रेडिट तिच्या आईला द्यायला हवं. मनातल्या मनात दिलं.

१३ मे
पहाटे उठायचं होतं, आठ वाजले. प्रवासाचा शीण. लेक केव्हाची काठावर बसलेली. गळ कसा बांधायचा ते तिला नीट समजावलं. व्हिडिओ पाहून आलोय. गळ माझ्याच बाहीत अडकला. तिने शर्ट न फाडता सोडवला, वर पक्की गाठही मारून दिली. कुठे शिकलीस विचारलं, तर म्हणाली, असंच. उपजत असणार. आमच्या घराण्यात कुणी मासा धरल्याचं ऐकिवात नाही, पण गुण कधीकधी उशिरा उतरतात.

१४ मे
तिला दोन मासे. मला एक चप्पल, तीही माझीच. वारा उलटा होता.
संध्याकाळी फेरी. तिला बगळा दाखवला. ती हळूच म्हणाली, पाणकावळा आहे तो. लांबून रंग कळत नाही.
अर्ध्या वाटेत मला जरा धाप लागली. नेमका तेव्हाच तिचा पाय दुखायला लागला, म्हणून बसलो. हल्लीच्या मुलांना चालायची सवयच नाही.

१५ मे, दुपार
व्हरांड्यात डबा उघडत होतो. काठावरून तिचा आवाज आला, "बाबा, पाणमांजर! खरंखुरं! तू हवा होतास रे."
हातातलं टाकून धावलो. म्हटलं, अगं, हा काय आलो.
तिच्या कानाला फोन होता.
तिच्या आईच्या नवऱ्याला ती काका म्हणते, असं मी धरून चाललो होतो. गळ टाकायलाही त्यांनीच शिकवलं म्हणे. मी डब्याकडे परत वळलो. मग तीच म्हणाली, थांबूया, पाणमांजर परत येईल. थांबलो. आलं नाही.
दोन बाबा असणं मुलांना चांगलंच, असं कुठेतरी वाचलंय. कुठे ते शोधलं पाहिजे.

१६ मे
सकाळी म्हटलं, हवा बिघडणारसं दिसतंय, आजच परतू. ऊन लख्ख पडलं होतं. तिने काही न विचारता बॅग भरली. थोडी तरी कुरकुर करेल असं वाटलं होतं.
तिच्या दाराशी गाडी थांबवली. ती उतरेना. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला बरं वाटलं ना? आई म्हणाली, तुम्ही फार एकटे असता. म्हणून मी हो म्हटलं."
मस्त वाटलं, म्हणालो. तिने माझ्या पाठीवर थोपटलं. रडणाऱ्या मुलाला थोपटतात तसं. मी रडत नव्हतो.

१७ मे
रजा शिल्लक आहे. ऑफिसला फोन करून म्हटलं, आजच येतो. साहेब म्हणाले, अजिबात नको, तुमच्यावाचून इथे काही अडलेलं नाही, मुलीबरोबर मजा करा.
हो म्हटलं.