वाया गेलेली बाटली

ओयूना,

तुझ्या चुलीची ऊब घरात राहो आणि धूर बाहेर जावो.

माझं उत्तम चाललंय. मटण आहे, खारा चहा आहे, फक्त डोकं फिरलंय.

हवेतला कर्बवायू मोजण्यासाठी इथे डोंगरावर काचेची बाटली भरायची असते, तीही श्वास रोखून, कारण आपल्या श्वासातही तोच वायू असतो. काल वाऱ्याकडे तोंड करून मी बाटली उघडली, आणि शेजारचे दोंदोव आजोबा घोड्यावरून हजर! "काय रे तुमुर, जनावरं अंगानं भरली ना?"

आता तूच सांग, वडीलधाऱ्यानं जनावरांची विचारपूस करावी आणि आपण तोंड मिटून उभं राहावं? "भरली, आजोबा!" निघून गेलं तोंडातून. मागेही असंच झालं, कर्बवायूचा आकडा फुगला, तेव्हा शहरातला साहेब फोनवर म्हणाला, "डोंगरावर कारखाना काढलास काय?" पुन्हा चुकलो तर माझ्या जागी दुसरा येणार.

आजोबांना समजवायला गेलो, तर म्हणतात, "जगाची हवा मोजतोस ना? मग आपण काय जगाबाहेरचे?" घ्या!

सारनाईचा खोकला थांबला का? खरं सांग. आपल्या पोरीला तिकडे शहरात कोळशाच्या धुरात ठेवून मी इथे स्वच्छ हवेची राखण करतोय, याचाच जास्त संताप येतो.

कालची बाटली आता ऑफिसला चालणार नाही. ट्रकवाल्याबरोबर तुझ्याकडे पाठवतोय. माझा श्वास शिरला म्हणून ती वाया गेली, म्हणे. सारनाईच्या डोक्याशी उघड, आणि माझ्या वाटची तिची टाळू हुंगून घे.

तुझा,
तुमुर